काचपेटीला घास

मधुकररावने विहिरीच्या मोटारीला कुलूप घातलं, ते गुपचूप घातलं नाही. उमरेडच्या बाजारातून त्याने म्हैस बांधायची जाड साखळी आणली, ती मोटारीच्या पेटीभोवती गुंडाळली आणि अख्खी आळी दारात येऊन उभी राहीपर्यंत कुलपाशी उगाच खुडबुड करत राहिला. जागेश्वर निखारे आपल्या रंगाच्या शेडमधून बघत होता. त्याच्या हातात काठी होती, काठीवर ओल्या सुताच्या लडी होत्या आणि मोरपंखी पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळत होतं.

"म्हैस पळून चालली होती वाटते," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"म्हैस नाही गा. तुहा रंग पळून येते माह्याकडे," मधुकरराव साखळी ओढून बघत म्हणाला. "माह्या विहिरीतून साफ पाणी नेऊन राह्यला अन् निळंपिवळं करून माह्याच वावरात सोडून राह्यला. परवा बाजारात लोकं माह्या सांबाराच्या जुड्या हुंगून पाहत होते. एक बाई म्हणे, दादा, हा सांबार भाजीत टाकाचा का लुगडं रंगवाचं? बस झालं आता. पाणी साफ करशीन तं कुलूप उघडीन. नाही तं तुही रंगाई बंद. अंकुशभाऊच्या कानावर घातलं आहे म्या."

अंकुश हा ग्रामपंचायतीचा सदस्य. त्याच्या कानावर एखादी गोष्ट घातली की दिवस मावळायच्या आत ती गावभर व्हायची, एवढाच त्याचा कारभार. पण रंगाई बंद पाडायची तर तेवढा पुरेसा होता.

तक्रार खरी होती, हेच जागेश्वरला झोंबलं. शेडचं पाणी नाल्यात जायचं आणि नाला मधुकररावच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वावराला घासून पुढे जायचा. उन्हाळ्यात नाल्यात दुसरं पाणीच नसायचं. असायचं ते जागेश्वरचं, आज लाल, उद्या हिरवं. कुत्रीसुद्धा त्या काठाने जाईनात. हे सगळं त्यालाही दिसत होतं. पण खरी गोष्ट असली म्हणून ती मधुकऱ्याच्या तोंडून ऐकून घ्यायची काय? गाव त्याला मधुकरराव म्हणायचं. जागेश्वर पाठीमागे मधुकऱ्या म्हणायचा आणि तोंडावर नावच घ्यायचा नाही.

तसा माणूस म्हणावा असा माणूस जागेश्वरच्या मते त्या गावात उरलाच नव्हता. कोष्ट्यांच्या आळीतले माग भंगारात गेले, पोरं बांधकामावर नि पेट्रोलपंपावर गेली, ते सगळे पळपुटे. नागपूरच्या गांधीबागेतले कापडाचे शेठ सूत उन्हात धरून रंगात खोट काढायचे, त्यांना लाल आणि डाळिंबी यातला फरक कळत नव्हता, ते आंधळे. आणि पंकज, त्याचा स्वतःचा मुलगा, नागपुरात मनीषनगरला एका सोसायटीच्या फाटकावर उभा राहून मोटारींना सलाम ठोकायचा, त्याचं तर नावच काढायचं नाही. पंकज फोनवर म्हणायचा, "बाबा, बाजूच्या फाटकावर जागा आहे. खुर्ची देते, पंखा देते. या इकडे." जागेश्वर म्हणायचा, "सलाम ठोकाले तुहा हात पुरे आहे." पण रंगाई बंद पडली तर ती खुर्ची चुकत नव्हती. गळ्यात शिटी अडकवून तिथे बसायचं, हा विचार आला की तो ताटावरून उठायचा.

म्हणून सुनेने, भारतीने, नागपूरची एक म्याडम घरी आणली तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नाही. हो तो म्हणालाच नाही.

भारती नवऱ्यामागे नागपूरला गेली नव्हती. तिचा माग इथे होता, खळ शिजवायची चूल इथे होती, आणि सासऱ्याच्या हाताखाली लडी बुडवायचं कामही तीच करायची. उमरेडला बायकांच्या बैठकीत तिला मिनल म्याडम भेटली. नागपुरातल्या कुठल्याशा कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिनल पाणी स्वच्छ करण्यावर काम करत होती. एका सकाळी ती टेम्पो घेऊन आली. टेम्पोतून पलंगाएवढी पसरट पेटी उतरली. वर काचेचं झाकण, आत साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या मण्यांचा थर, खाली तोटी.

"मासे केव्हा सोडता?" जागेश्वरने विचारलं.

मिनल हसली. तिला राग आला नाही, याचाच जागेश्वरला राग आला.

"काका, या मण्यांवर एक लेप आहे," ती म्हणाली. "त्याचे कण इतके बारीक असतात, नॅनो म्हणतात त्यांना, की तुमच्या एका केसाच्या जाडीत हजारो मावतील. त्यांच्यावर ऊन पडलं की ते पाण्यातला रंग तोडतात. गाळत नाहीत, तोडतात. वरून रंगाचं पाणी सोडायचं, ते हळूहळू मण्यांतून जाणार आणि खालून साफ पाणी हौदात येणार. त्याच पाण्यात परत रंगाई करायची. नाल्यात थेंब सोडायचा नाही."

"अन् ते कण दिसत नाहीत?"

"नाही दिसत."

"न दिसणारा माल," जागेश्वर बायकोकडे, कुसुमावतीकडे, वळून म्हणाला. "गांधीबागेतल्या शेठलेबी हे सुचलं नसतं वं."

कुसुमावतीने तोंडाला पदर लावला. भारती मात्र त्या पेटीकडे बघत होती, नव्या मागाकडे बघावं तशी.

"एकच पथ्य आहे," मिनल म्हणाली. "यात रंगाचं पाणी सोडून दुसरं काही म्हणजे काही टाकायचं नाही. तेल नाही, साबण नाही, तुरटी नाही. कणांवर कशाचा थर बसला, की त्यांना ऊनही मिळत नाही आणि रंगही मिळत नाही. मग ते नुसते काचेचे मणी."

तिने एक टँकर मागवून हौद भरून दिला. आता हेच पाणी फिरवून फिरवून वापरायचं, वाफेने कमी होईल तेवढंच वर घालायचं. अंकुश येऊन पेटी बघून गेला आणि म्हणाला, महिन्याभराने मेअखेरचा नऊ दिवसांचा नवतपा सरला की आपण आणि मधुकरराव मिळून पाणी पाहायला येऊ. साफ असलं तर रंगाई चालू, नसलं तर शेडला टाळं. असं म्हणून तो चहा न पिता गेला, म्हणजे त्याच्या मनात टाळं जवळजवळ लागलंच होतं.

ऊन चढत गेलं आणि नवतपा लागला. पत्र्याखाली उभं राहिलं की टाळू शिजायची. बादलीची कडी हातात धरवत नव्हती, तिला फडकं गुंडाळावं लागे. पण तेच ऊन त्या पेटीला हवं होतं. भारती भट्टीवरचं उतरलेलं रंगाचं पाणी बादलीने नेऊन पेटीत ओतायची, काच पुसायची, परत यायची. घामाने तिचं पोलकं पाठीला चिकटायचं आणि दंडावर रंगाचे ओघळ सुकून जायचे. जागेश्वरने पेटीला बोट लावलं नाही. शेडच्या दारात खाट टाकून तो येणाऱ्याजाणाऱ्याची करमणूक करत होता.

"हे काय आणलं गा, जागेश्वर?" कोणी विचारलं की तो म्हणायचा, "म्या मेलो की ठेवाले आणलं. वरून काच आहे, तोंड पाहाले मिळन."

लोक हसायचे. भारती हसायची नाही. ती बादली भरून पुढे जायची आणि जागेश्वरला वाटायचं, हिलाही अक्कल नाही.

पेटी चालू झाल्यावर पहिले काही दिवस तोटीतून गुलाबट पाणी आलं. जागेश्वरने ते गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग ते पाणी परत पेटीतून गेलं, परत गेलं, आणि एका दुपारी हौदाचा तळ दिसायला लागला. तळाशी पडलेला एक जुना खिळा दिसायला लागला. जागेश्वर हौदावर वाकून बराच वेळ त्या खिळ्याकडे बघत होता.

रंगाऱ्याचं पाणी पारखायचं तर पिवळ्या रंगावर पारखायचं. लाल नि निळा पाण्याचा दोष पोटात घालतात. पिवळा घालत नाही. पाण्यात मागच्या रंगाचा अंश जरी उरला तरी तो मळकट होतो, हिरवट होतो. जागेश्वरने कोणाला काही न सांगता एक कोरी लडी घेतली, त्याच पाण्यात हळदी रंग केला, लडी बुडवली, काठीने फिरवली, पिळली आणि उन्हात धरली. पिवळा निघाला होता. डाग नाही, झाक नाही. विहिरीच्या पाण्यावरसुद्धा त्याचा असा पिवळा फार कमी वेळा निघाला होता.

"कसा आला मामाजी?" भारतीने विचारलं.

"आहे," तो म्हणाला आणि लडी तिच्या अंगावर फेकून खाटेवर जाऊन बसला.

पण त्याला चैन पडेना. जन्मभर ज्या पाण्याला त्याने नाल्याची वाट दाखवली होती, ते पाणी धुऊनपुसून परत दारात येऊन उभं होतं. आणि हे त्या न दिसणाऱ्या कणांनी केलं होतं, त्या हसऱ्या पोट्टीने केलं होतं. त्याच्या छातीत काहीतरी भरून आलं. आनंदच होता तो, पण कबूल कोणापुढे करायचा?

त्याचा बाप नवा हौद बांधला की त्याला जेवू घालायचा. सुताला लावायची तांदळाच्या कणीची खळ, तिचा एक वाडगा नव्या हौदात पहिल्या अमावस्येपर्यंत रोज ओतायचा, कुंकवाचं बोट लावायचा आणि हात जोडायचा. बापाचं म्हणणं असं, की नवा हौद भुकेला असतो, त्याला खायला नाही दिलं तर तो रंग खातो आणि सूत फिकं निघतं. आळीतले सगळे रंगारी तसंच करायचे. त्या विटांच्या हौदांना खळीने काही होत नसे. उकळत्या रंगात ती विरघळून जायची. आणि ही पेटी तर उघड उघड रंग खाणारीच होती. हिला घास नको, असं कसं चालेल?

म्याडमने काही टाकू नका म्हटलं होतं, ते त्याला आठवत होतं. पण तेल, साबण, तुरटी हे टाकणं झालं. घास देणं म्हणजे टाकणं, असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. देवापुढे ठेवलेल्या साखरेला कोणी सांडलेली साखर म्हणत नाही.

त्या दुपारी कुसुमावती आत पाठ टेकून पडली होती. भारती न्हाणीकडे गेली होती. आळीत चिटपाखरू नव्हतं. जागेश्वरने चुलीवरच्या पातेल्यातून खळीचा वाडगा भरला, काचेचं झाकण उचललं आणि मण्यांवर हळूच ओतला. पेटीच्या पायाला, कोणाला दिसणार नाही अशा आतल्या बाजूला, त्याने कुंकवाचं बोट लावलं. मग इकडेतिकडे बघितलं आणि ज्या पेटीला तो इतके दिवस मढ्याची पेटी म्हणत होता, तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. संध्याकाळी दारातून कोणी जाताना त्याने नेहमीसारखंच विचारलं, "काहून गा, तोंड पाहाले आला काय?"

अमावस्येपर्यंत त्याने रोज घास दिला.

आधी वास आला. उंदीर मेला असेल म्हणून कुसुमावतीने घरभर सुपं-टोपल्या हलवल्या. मग तोटीतून येणारं पाणी दुधाळ झालं, मग लालसर दुधाळ झालं, आणि हौदाच्या तळाचा खिळा दिसेनासा झाला. भारती दिवसातून दहादा काच पुसत होती. तिला वाटलं, काच मळली. घासाचा आणि त्या वासाचा संबंध जागेश्वर मनातसुद्धा जोडायला तयार नव्हता. उलट शेवटच्या दिवशी त्याने वाडगा काठोकाठ भरला होता, की बाई, एवढं खा नि बरी हो.

नवतपा सरला आणि ठरल्याप्रमाणे सगळे आले. अंकुश आला, मधुकरराव गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून आला, मिनल नागपूरहून आली. ती दारातच थांबली आणि तिने नाकाला रुमाल लावला.

झाकण उघडलं. मिनलने एक मणी उचलून बोटात चोळला. तो चिकट लागला. तिने परत चोळला, बोट हुंगलं, तिला काही उमगेना. कुसुमावती पुढे झाली. तिचा जन्म खळ शिजवण्यात गेला होता, तिला हुंगावंही लागलं नाही.

"आंबली खळ आहे ही," ती म्हणाली आणि सुनेकडे वळली.

घरात खळ शिजवणारी आता एकटी भारती होती.

"ध्यान कोठी राह्यते वं तुहं?" कुसुमावती पाहुण्यांसमोरच सुरू झाली. "खरकटे हात पेटीत घातले का पातेलं विसळलं त्याच्यात? म्याडमनं एवढं बजावलं, अन् तू..."

"भारतीताई, मी सांगितलं होतं ना?" मिनल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण खाली पडला होता.

"हो म्याडम," भारती म्हणाली. मान खाली घालून ती आपली निळी पडलेली नखं बघत राहिली.

मधुकररावचं पोट हलायला लागलं. "सूनबाईनं मशिनीले पेज पाजली गा, अंकुशभाऊ! बाळंतीण समजली काय तिले? उद्या डिंकाचे लाडूबी चारन." अंकुश हसला. दारात जमलेली आळी हसली.

जागेश्वर खाटेवरून उठला.

"तिनं नाही टाकली. म्या टाकली," तो म्हणाला.

हसणं थांबलं. "काहून?" अंकुशने विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं. पेटी आवडली म्हणून घास दिला. जागेश्वरने तोंड उघडलंही. समोर मधुकररावचा खर्ऱ्याने फुगलेला गाल होता आणि हसायला तयार असलेले बारीक डोळे होते. महिनाभर ज्या पेटीची टिंगल केली तिच्यापुढे हा म्हातारा चोरून हात जोडत होता, हे या माणसाला सांगायचं? तो उमरेडच्या बाजारात सांबाराच्या जुडीबरोबर ते फुकट वाटेल. जीभ उलटी फिरली.

"सडवाले टाकली," जागेश्वर म्हणाला. "मले पायजेच नव्हतं ते मढं घरात."

कुसुमावतीने कपाळावर हात मारला. "अवो, सोन्यासारखी पोर उन्हात मरून राह्यली, अन् तुम्ही असं केलं?" आळीतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आजवर जागेश्वर ज्या नजरेने गावाकडे बघत आला होता, त्या नजरेने आता गाव त्याच्याकडे बघत होतं, आणि ती नजर अंगावर कशी बसते हे त्याला पहिल्यांदा कळलं.

"म्या म्हणतच होतो," मधुकरराव समाधानाने म्हणाला. "याच्या पोटातच रंगाईचं कास्टिक आहे."

मिनलने जागेश्वरकडे बघितलंसुद्धा नाही. तिने सगळं भारतीला सांगितलं. मणी बाहेर काढायचे, गरम पाण्यात फडक्यात धरून चोळायचे, पाणी बदलायचं, परत चोळायचे, उन्हात वाळवायचे. पाणी मात्र चांगलं हवं, हौदातलं चालणार नाही. पुढच्या आठवड्यात ती येणार. जमलं तर जमलं, नाही तर पेटी उचलून दुसऱ्या गावच्या रंगाऱ्यांना देणार. ते केव्हाचे मागे लागले होते. अंकुशनेही तेवढीच मुदत दिली.

"आणि यांना पेटीजवळ येऊ देऊ नका," जाताना ती म्हणाली. सकाळपर्यंत ती त्याला काका म्हणत होती.

चांगलं पाणी आळीत एकाच ठिकाणी होतं.

"देतो न पाणी," मधुकरराव म्हणाला. "सूनबाईचा काय दोष? पण मोटार नाही लावणार. दोर-बादली आहे विहिरीवर. ज्यानं सडवलं त्यानं ओढावं."

दुसऱ्या दिवशी जागेश्वर कावड घेऊन गेला. मधुकररावची बायको गोपिका ओट्यावर सांबार निवडत बसली होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पाय धुऊन चढा कठड्यावर," ती म्हणाली. "तुमच्या पायाचा रंग लागते."

पाय धुवायचे तर पाणी ओढायला हवं, आणि पाणी ओढायचं तर कठड्यावर चढायला हवं. गोपिकेला हे समजत होतं. तिने एका पोराच्या हातून लोटाभर पाणी पाठवलं आणि तो पाय धूत असताना टाचेपर्यंत लक्ष ठेवलं. दर खेपेला हाच सोहळा झाला. नवतपा सरला होता, पण ऊन हटलं नव्हतं. विहीर खोल गेली होती. दोर तळव्यांना चावत वर यायचा, अर्धी बादली हिंदकळून जायची. दुपारपर्यंत हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. आयुष्यभर रंगाच्या उकळीत हात घालूनही जे तळवे सोलले नव्हते, ते मधुकऱ्याच्या दोराने सोलले. सावलीत खाट टाकून मधुकरराव येणाऱ्याजाणाऱ्याला गोष्ट सांगत होता. पेटी कशी आली, सून कशी राबली, याने कशी सडवली. दर खेपेला त्यात थोडी भर पडायची. जागेश्वर मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरत होता, पण श्वास पुरत नव्हता, म्हणून शिव्याही अर्ध्याच राहायच्या.

घरी भारती आणि कुसुमावती मणी चोळत होत्या. लुगड्याच्या फडक्यात मूठभर मणी घ्यायचे, गरम पाण्यात धरायचे, दोन्ही हातांनी मळायचे. बुळबुळीत पांढरं पाणी निघायचं, वास नाकात बसायचा. जागेश्वर कावड दारात ठेवायचा. आत यायला त्याला कोणी मनाई केली नव्हती, पण कोणी बोलावतही नव्हतं. कुसुमावती त्याची भाकर ताटात वाढून ताट उंबऱ्यावर ठेवायची.

मिनल आली तेव्हा मणी उन्हात वाळून कोरडे ठणठणीत झाले होते. तिने मूठभर मणी काचेच्या पेल्यात टाकले, वर लाल पाणी ओतलं आणि पेला उन्हात ठेवला. सगळे पेल्याकडे बघत बसले. जागेश्वर लांब, चिंचेखाली बसला होता. तिथून पेला दिसत नव्हता, त्याला फक्त भारतीचा चेहरा दिसत होता. बऱ्याच वेळाने त्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

दोन दिवसांनी पेटीच्या तोटीतून आलेलं पाणी मधुकररावने ओंजळीत घेतलं. उलटंसुलटं बघितलं, हुंगलं, खोड काढायला काही मिळेना. "पिणार नाही बा मी," तो शेवटी म्हणाला, "पण सांबाराले चालन." अंकुशने रंगाई चालू ठेवायला सांगितलं. साखळी निघाली, मधुकररावने ती गुंडाळून खांद्यावर टाकली आणि जाता जाता चिंचेकडे बघून ओरडला, "सूनबाई, म्हाताऱ्यावर ध्यान ठेवजो वं!" आळी हसली. मिनलही हसली.

उन्हं कलली. आळी आपापल्या घरी गेली, कुसुमावती हौदातलं पाणी परत परत हातात घेऊन बघून शेवटी चुलीकडे वळली. भारती दोरीवर पिवळ्या लडी वाळत घालत होती. जागेश्वर शेडच्या दारात सोललेले हात मांडीवर उताणे टाकून बसला होता.

"हाताले हळद-तेल लावा मामाजी," ती पाठमोरीच म्हणाली.

"राहू दे."

तिने एक लडी झटकली. "त्या दिवशी न्हाणीतून पाह्यलं म्या तुम्हाले."

"काय पाह्यलं?"

"पेटीले कुकू लावून राह्यले होते. हात जोडले होते. खळ ओतली ते नाही दिसलं. आत्याबाई खळ म्हणाल्या, तवा समजलं."

जागेश्वरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गावाने नालायक म्हटलं ते त्याने कसंबसं गिळलं होतं. हे गिळता येईना.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?" तो खेकसला. "चोरावाणी मान खाली घालून उभी राह्यली ते!"

"मधुकररावसमोर सांगू?" भारती वळली. "जन्मभर हसले असते ते तुमच्यावर. तुम्हाले कोणी वाईट म्हटलं तं चालते मामाजी. हसलं तं चालत नाही."

जागेश्वरला लाज वाटली. गावापुढे वाटली नव्हती तशी. एवढी वर्षं या पोरीकडे त्याने बादली उचलणारा हात म्हणून बघितलं होतं. तिला अक्कल नाही असं स्वतःशी कितीदा म्हटलं होतं. आणि तिने सासूच्या शिव्या, म्याडमचा ठपका, सगळ्या आळीचं हसणं त्याच्यासाठी निमूट पोटात घातलं होतं, तेही त्याने तोंड उघडायच्या आधी. तिला काहीतरी चांगलं बोलावं असं त्याला फार वाटलं. पण तसं बोलायची सवय नव्हती आणि शब्दही जवळ नव्हते.

"कोणाले सांगू नको," तो म्हणाला.

"नाही सांगत."

"तुह्या आत्याबाईलेबी नाही. लोकाइले मी वाईटच वाटलो पायजे."

"ते तुम्ही वाटताच मामाजी," भारती म्हणाली आणि पुढची लडी झटकून दोरीवर टाकली.